काजळीची पाटी

नूरजहांचाचीला सांगलीला जायचंच नव्हतं. नवरा मिरजेच्या दवाखान्यात पडलेला आणि आपण संग्रहालय बघत हिंडायचं, हे तिच्या मनाला पटेना. पण दस्तगीर हट्टाला पेटला. जत्रेजत्रेत तंबू ठोकून सिनेमा दाखवण्यात त्याचा जन्म गेला, आणि त्याचं मशीन आता सांगलीच्या नव्या सिनेमा-टीव्ही संग्रहालयात मांडलं होतं. "तू बघून ये आन मला सांग. थोरला हाय माझ्याजवळ," तो म्हणाला. मग त्या थोरल्या भावाचा मुलगा मतीन चाचीला मोटारसायकलवरनं घेऊन निघाला.

हा मतीन एक नंबरचा टवाळ. हशा पिकणार असेल तर कुणाच्याही काळजावर पाय देईल आणि वर "गंमत केली की" म्हणेल.

संग्रहालयात मोबाइल दारातच काउंटरवर जमा करून घेतले. आत जुने लाकडी टीव्ही होते, फिरवलं की चित्रातला घोडा पळणारं चक्र होतं. चाचीनं त्यातलं काही धड बघितलं नाही. मशीनची मूठ नवऱ्याच्या हातानं गुळगुळीत झालेली होती, तीच धरून ती उभी राहिली.

शेवटी छोट्या थिएटरात जुना सिनेमा लागला. चाची जरा रमली, तेवढ्यात चित्र थांबलं आणि पडद्यावर काळी पाटी आली. 'नूरजहां दस्तगीर, ताबडतोब बाहेर यावे.'

तंबूत असंच बोलावणं यायचं. काचेवर काजळी धरायची, खिळ्यानं नाव कोरायचं आणि पडद्यावर टाकायचं. चाचीनंच किती काचा दिव्यावर धरून दिल्या होत्या. चांगल्या बातमीची पाटी कधी पडली नाही. पाटी पडली की घरात कुणीतरी गेलंच.

"या अल्ला!" म्हणत ती लोकांच्या पायांवरून ठेचकाळत धावली. चप्पल तिथंच राहिली. काउंटरवरची रेश्मा हसून म्हणाली, "काही नाही हो आजी. इथं हौस म्हणून कुणाच्याही नावाची पाटी करून देतात. तुमच्या पुतण्यानंच सांगितली."

ती परतली तेव्हा मतीन पोट धरून हसत होता. "चाची, लय पळालीस! चाचा बघायला पायजे हुता!" थिएटरही खिदळलं. चाचीला राग आला आणि त्याहून जास्त रडू आलं. पण रडली असती तर आणखी हसले असते. आता उठले तर नावाची नूरजहां न्हाई, असं मनाशी म्हणत ती बसली.

थोड्या वेळानं पाटी पुन्हा पडली. तेच नाव, तेच 'ताबडतोब'.

"आता म्या न्हाई हां," मतीन म्हणाला.

"तू न्हाईस तर तुझा बाप असंल!" चाचीनं ठणकावलं.

सगळे हसले. आपल्या बोलण्याला हसले म्हणून चाचीही हसली, अगदी मोकळी. पाटी तिसऱ्यांदा पडली तेव्हा तिनं पडद्याला कोपरापासून हात जोडले आणि हशाला ऊत आला.

दारात रेश्मा उभी होती. तिच्या हातात मतीनचा मोबाइल होता, चालू. "आजी, दोनदा पाटी टाकून बोलावलं. दवाखान्यातनं फोन आहे."

चाचीनं मोबाइल कानाला लावला. पलीकडे मतीनचाच बाप होता.

"नूरजहां, तुला किती हाका मारायच्या? दस्तगीर तुलाच मागत हुता. फोन त्येच्याच कानाला धरला हुता मी."

"मग द्या की त्यांच्याकडं!"

"तुझं हसू ऐकलं त्येनं. 'हसतीया की ती,' म्हणाला आन भिंतीकडं तोंड केलं. आता पळत येऊ नका. सावकाश या."