हरायची शर्यत

पोस्टवाल्या बाईंच्या पायाला भिंगरी होती. उभा जन्म घरोघर पत्रं टाकण्यात गेलेला, त्यामुळे पायी यात्रेत रोज संध्याकाळी मुक्कामाचं दार सगळ्यांच्या आधी त्याच गाठत. बाकीची मंडळीही दार दिसलं की पोरांसारखी पळत सुटत. जो शेवटी आत येईल त्याने सगळ्यांचे पाय धुवायचे, असा नियम होता. पाय धुण्याची रीत जुनी, श्रद्धेची. तिची शर्यत केली शिट्टीकाकांनी. हे काका निवृत्त वाहतूक पोलीस, शिट्टी गळ्यात अडकवूनच देवाला निघालेले. रोज शेवटी येई तो गलेलठ्ठ बेकरीवाला.

आज शेवटचा मुक्काम होता आणि आज बाईंना हरायचं होतं.

कारण याच जथ्यात त्यांची धाकटी जाऊ होती. दोघी समोरासमोर आल्या तेव्हा यात्रा निघालेली होती, माघारी फिरायची सोय उरली नव्हती. धाकटीने नवं घर घेतलं, तेव्हा थोरलीची, म्हणजे बाईंची, जीभ घसरली होती, "घर कसलं, खुराडंच की!" धाकटीही काही कमी नव्हती. "मग पुन्हा उंबरा ओलांडू नका," म्हणाली. तेव्हापासून चार वर्षं अबोला. थोरलीला फार वाईट वाटे, पण माफीचं नाव काढलं की जीभ टाळ्याला चिकटे. पाय धुताना मान खालीच असते, तेव्हा एकदा हरून बोलून टाकू, असं तिने रोज ठरवलं आणि रोज उद्यावर ढकललं. आता उद्या शिल्लक नव्हता.

ती रेंगाळली. बुटाची नाडी सोडली, बांधली, पुन्हा सोडली. बेकरीवाला धापा टाकत पुढे गेला. कुणाला तरी मागे टाकल्याचा त्याचा आनंद गगनात मावेना. गल्ली रिकामी झाल्यावर बाई निवांत दाराशी आल्या, तर तिथे धाकटी! बुटातला नसलेला खडा झटकत उभी.

"जा की आत," थोरली म्हणाली.

"तुम्ही व्हा पुढे, जाऊबाई."

"मी मागून येते."

"छे! थोरलीचा मान पहिला."

दोघी जागच्या हलेनात. आतून बेकरीवाला ओरडला, "अहो, पाणी निवतंय!" काकांनी शिट्टी फुंकली. तेव्हा कुठे थोरलीच्या डोक्यात उजेड पडला, की हिलाही हरायचंय. धाकटीचा हात धरून ती एकदम आत घुसली, तर पाठीवरच्या पिशव्यांसकट दोघी दारात अडकल्या. आतल्यांनी दोघींना ओढून काढलं. काकांनी निकाल दिला, "दोघीही शेवटच्या!"

सगळ्यांचे पाय धुऊन झाल्यावर थोरलीने धाकटीचा पाय टबात घेतला. "माझं चुकलं गं," ती म्हणाली. धाकटीच्या तळपायाला गुदगुल्या होतात हे थोरलीला पूर्वीपासून ठाऊक होतं. तिने हळूच बोट फिरवलं. धाकटी किंचाळली आणि टबातलं पाणी थोरलीच्या तोंडावर!

"माझंही चुकलं," हसता हसता रडत धाकटी म्हणाली. "आता आमच्या खुराड्याला तुमचे पाय कधी लागणार?"

"परवाच," थोरली तोंड पुसत म्हणाली. "पण तिथे आत मी पहिली."