कोरड्या वाटेवर घसरलेला

माझा नवरा बाल्ट्रुस जन्मात एकदाच पकडला गेला, तोही एका विधवेच्या हातून, चांगलं उजाडल्यावर, सगळ्या गावादेखत. त्यानंतर पाशिले गावात त्याला कुणी धड नावाने हाक मारली नाही. 'काय रे घसरलेल्या, येतोस का?' असंच विचारायचे. तो हसायचा. माझ्या मात्र अंगाचा तिळपापड व्हायचा, कारण त्या सकाळी मी कुंपणाशी उभी होते आणि तो कुठे पडला ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

आमच्याकडे शरद सरता सरता जवस मोडायचं काम निघतं. उपटलेलं जवस गवतावर दंवात कुजवायचं, मग वाळवणीच्या कोठारात भट्टी पेटवून असं कडक करायचं की देठ हातात कडकडला पाहिजे. गरम आहे तोवर ते मोडणीत घालून बडवायचं. लाकडी फळ्यांच्या त्या जबड्यात देठाचा भुसा होऊन खाली पडतो आणि हातात लांबसडक धागा उरतो. निवू दिलं तर जवस पुन्हा हवेतली ओल पितं आणि धागा सुटत नाही. म्हणून हे एकट्यादुकट्याचं काम नाही, सावडीचं आहे. आज सगळे माझ्याकडे, उद्या सगळे तुझ्याकडे.

आणि ज्याचं आधी संपतं तो मागे राहिलेल्याची खोड काढतो. जुन्या विजारीत भुसा कोंबून एक बाहुला करायचा. त्याला कुर्शिस म्हणतात. गावातल्या सगळ्यात चपळ गड्याने तो त्या रेंगाळलेल्या घराच्या कोठारात फेकायचा, 'घ्या, तुमच्या मदतीला माणूस आणलाय' असं ओरडायचं आणि धूम ठोकायची. गडी निसटला तर त्या घराची पुढच्या शरदापर्यंत टिंगल. सापडला तर त्याच्या तोंडाला काजळी फासतात आणि त्या घरचं जवस संपेपर्यंत त्याला मोडणीला जुंपतात. बाल्ट्रुसला मिसरूड फुटल्यापासून हे काम त्याच्याकडे होतं आणि तो कधी कुणाच्या हाती लागला नव्हता. करकोच्यासारखे पाय होते त्याचे. मी त्या पायांवरच भाळले होते, खोटं कशाला बोलू?

तेव्हा अजून झारचं राज्य होतं. त्या वसंतात आमच्या शेजारच्या अपोलोनियाचा नवरा आडोमास जंगलात लाकडं तोडताना झाडाखाली सापडून गेला. पदरात लहान मुलगी, युले. आडोमासचा थोरला भाऊ ल्युडविकास तेव्हापासूनच म्हणू लागला की बाईमाणसाला शेत झेपायचं नाही, शेत माझ्याकडे द्या, ती पोरीला घेऊन माझ्या मागच्या खोलीत राहील. गावातल्या वडीलधाऱ्यांनी बसून मधला मार्ग काढला. बाईला एक हंगाम करू दे. नाताळच्या उपासाआधी तिचं जवस बाकीच्यांसारखं मोडून झालं तर शेत तिचं, नाही झालं तर ल्युडविकासचं. ल्युडविकासने लगेच मान हलवली. त्याला गणित कळत होतं. एकटी बाई जवस पेरेल, उपटेल, कुजवेल, पण मोडणार कशी?

तिने सावड बोलवायची, एवढंच होतं. पण सावड बोलावते ती आधी चार घरी राबून आलेली असते. अपोलोनिया त्या शरदात कुणाकडेच जाऊ शकली नव्हती, कारण युलेला गोवर झाला होता आणि पोर आईला सोडत नव्हती. तिने तोंड उघडून मागितलं असतं तर कुणी नाही म्हटलं नसतं. पण मागेल ती अपोलोनिया कसली! आणि न बोलावता जाणं म्हणजे आमच्याकडे त्या घराला भिकारी म्हणण्यासारखं आहे. मला ती बाई तशी आवडायचीही नाही. उंच, अबोल, ओठ नेहमी मिटलेले. बोलावलं तर जाऊ, असं मी म्हटलं आणि पाव भट्टीत सरकवायला वळले. गावातल्या प्रत्येक घरात त्या आठवड्यात कुणी ना कुणी हेच म्हणत होतं.

वाळवणीचं कोठार आम्हा सगळ्यांचं सामाईक. तिची पाळी शेवटची, उपासाच्या तोंडावर आली. पहाटेपासून तिच्या एकटीच्या मोडणीचा आवाज ऐकू यायचा. ठक, मग बराच वेळ काही नाही, मग ठक. मधल्या वेळात ती भट्टीत लाकडं घालायला जायची. भट्टी सांभाळावी तर मोडणी थांबते, मोडणी चालवावी तर भट्टी विझते. दुसऱ्या दिवशीही कोठार जवळजवळ भरलेलंच होतं.

त्या वर्षी सगळ्यात आधी काम संपलं होतं ल्युडविकासचं, तेव्हा कुर्शिस पाठवायचा मान त्याचा. त्याने बाहुला केला आणि त्याच्या डोक्यावर आपल्याकडे राहिलेली आडोमासची टोपी घातली. करड्या लोकरीची, कानाशी ठिगळ लावलेली. अख्खं गाव ती टोपी ओळखत होतं. अंगणात जमलेले पोरगे हसायला लागले आणि मग एकेक करून गप्प झाले. मला वाटलं, आता बाल्ट्रुस हा बाहुला ल्युडविकासच्या तोंडावर फेकून घरी येईल. पण त्याने बाहुला खांद्यावर टाकला आणि निघाला. मला त्याची इतकी लाज वाटली की मी वळून जाणारच होते.

मी गेले नाही. आम्ही सगळे कुंपणाशी उभे राहिलो. बाल्ट्रुस कोठाराच्या दारात पोचला, त्याने बाहुला आत फेकला, ठरलेलं वाक्य ओरडला आणि पळाला. अपोलोनिया हातातला देठांचा जुडगा टाकून मागे धावली. धावली म्हणजे काय, दोन दिवस उभी राहून तिचे गुडघे धरले होते. बाल्ट्रुस अर्ध्या वाटेवर पोचला, आणि पडला.

वाट गारठ्याने दगडासारखी टणक झाली होती. ना चिखल, ना बर्फ, ना मूळ, ना खडा. त्या वाटेवर अंडं ठेवलं असतं तर तेही घरंगळलं नसतं. आणि हा करकोच्याच्या पायांचा माणूस हातपाय पसरून आडवा झाला आणि तसाच पडून राहिला, ती येऊन त्याची कॉलर धरेपर्यंत. पोरांनी अशी काही आरोळी ठोकली की कावळे उडाले. मी एप्रनआड तोंड लपवलं.

दुपारपर्यंत मी घरात भांडी आपटत होते. मग मला राहवेना. गाईला चारा कोण घालणार, लाकडं कोण फोडणार? नवऱ्याला सोडवून आणायचं ठरवून मी तरातरा कोठारात गेले. बाल्ट्रुस काजळीने काळाठिक्कर झालेला, बाह्या सरसावून मोडणी चालवत होता. आडोमासची टोपी बाहुल्याच्या डोक्यावर नव्हती. ती खुंटीला लावलेली होती, नीट, घरी परतलेल्या माणसाची लावतात तशी. पुढे कळलं की वाटेतच त्याने ती काढून कोटात लपवली होती आणि आत गेल्यावर तिच्या हातात दिली होती.

मी म्हटलं, झालं तेवढं पुरे, आता याला सोड.

अपोलोनिया काही बोलायच्या आत बाल्ट्रुसच म्हणाला, "तिला सोडता येणार नाही. नियम आहे. पकडलेल्याला सोडवायला येईल तोही पकडलेला."

"कुठला नियम? कुणी केला?" मी विचारलं. असला नियम माझ्या आजीनेही कधी ऐकला नव्हता.

"जुना आहे," तो म्हणाला, आणि मोडणीकडे बघत राहिला.

अपोलोनियाने माझ्याकडे पाहिलं. तिचे ओठ पहिल्यांदाच सुटलेले दिसले. तिला मदत मागता येत नव्हती आणि मला विचारता येत नव्हतं, आणि आम्ही दोघी एका भिंतीच्या दोन बाजूंना राहत होतो. मी गाल पुढे केला. तिने भट्टीतली काजळी बोटावर घेऊन माझ्या गालावर एक रेघ ओढली, अगदी हलकी, आणि मी भट्टीपाशी लाकडं घालायला बसले.

संध्याकाळी सासूबाई आम्हा दोघांना शोधत आल्या. त्यांना नियम सांगितला. त्या म्हणाल्या, असा नियम आहे खरा, मला चांगला आठवतो. खोटं बोलताना त्यांचा एक डोळा बारीक व्हायचा, तसा झाला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी लोहार बाल्ट्रुसकडून आपली कुऱ्हाड परत मागायला आला. कुऱ्हाड त्याच्याच खांद्यावर होती. मग लोहाराची बायको लोहाराला शोधत आली, येताना काळा पाव आणि डुकराच्या चरबीचा तुकडा घेऊन आली. मग तिची बहीण. मग ते हसणारे पोरगे, दारात घुटमळत, कुणाला शोधायला आलो ते न सुचून. तोंडं सगळ्यांची काळी. मोडण्यांचा आवाज असा एकसारखा झाला की दोन घरांपलीकडे ऐकणाऱ्याला कळलं नसतं की हे एका विधवेचं कोठार आहे.

शेवटचा जुडगा मोडत असताना ल्युडविकास आला. दारातच उभा राहिला. म्हणाला, ही तर सावड झाली, आणि हिला सावड बोलवायचा हक्क नव्हता, तेव्हा हे काम धरता येणार नाही. सगळे थांबले. वडीलधाऱ्यांपुढे तो हेच बोलणार, हे आम्हाला कळत होतं.

अपोलोनियाने हात एप्रनला पुसले. "मी कुणाला बोलावलं नाही, भाऊजी," ती म्हणाली. "हे सगळे माझे कैदी आहेत." मग भट्टीच्या काजळीत बोट बुडवून ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. "तुम्ही कुणाला सोडवायला आलात?"

त्याची नजर खुंटीवरच्या टोपीवर गेली. मग तो मागच्या मागे बाहेर पडला. वडीलधाऱ्यांपैकी दोघे तेव्हा आतच होते, कोपरापर्यंत भुसा लागलेले. शेत अपोलोनियाचं राहिलं.

घरी परतताना मी बाल्ट्रुसला विचारलं, "खरं सांग, कशावर घसरलास?"

"वाटेवर," तो म्हणाला.

"वाट कोरडी होती."

"म्हणून तर लागलं."

याहून जास्त त्याने कधी सांगितलं नाही. मी रागाने विचारलं, लाडाने विचारलं, त्याला बिअर पाजून विचारलं. 'घसरलो गं.' पुढच्या वर्षीपासून कुर्शिस न्यायला गावाने दुसरा गडी धरला, आणि बाल्ट्रुसने एका शब्दाने तक्रार केली नाही. त्याला पळायला किती आवडायचं हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

मग जर्मन आले, गेले, झार गेला, आमचा स्वतःचा देश झाला. आमचा एक मुलगा अमेरिकेला गेला, दुसरा लांब कौनासला नोकरीला लागला. गेल्या उन्हाळ्यात बाल्ट्रुसची छाती भरली. पूर्ण शरदभर मी त्याच्या उशाशी होते. सावडीची बोलावणी आली, मी गेले नाही. पानं गळून गेली आणि त्यांच्यामागोमाग तोही गेला.

जवस मात्र शेतात उभं राहिलं होतं, ते शेजाऱ्यांनी उपटून, कुजवून ठेवलं. तेही त्यांनी मला न सांगता केलं म्हणून मी फणकारले होते. कोठारात माझी पाळी आली. कौनासचा मुलगा सुट्टी नाही म्हणाला. लोक म्हणत होते, बार्बोरा, बोलाव ना. कुणाकडे गेले नाही, कोणत्या तोंडाने बोलावू? भट्टी पेटवली आणि एकटीच मोडणीपाशी उभी राहिले. ठक. मग लाकडं घालायला गेले. मग ठक. तो आवाज मला ओळखीचा वाटला आणि मी तिथेच ओंडक्यावर बसून रडले. नवऱ्यासाठी रडले, आणि थोडी त्या आवाजासाठीही.

नुकतंच फटफटलं होतं. दारातून धप्प करून काहीतरी आत पडलं. भुसा भरलेला बाहुला. डोक्यावर करड्या लोकरीची टोपी, कानाशी ठिगळ.

"घ्या, तुमच्या मदतीला माणूस आणलाय," बाहेरून म्हातारा आवाज आला, आणि काठीची टकटक दूर जाऊ लागली.

मी दारात आले. अपोलोनिया पळत होती. साठी उलटलेली, एक पाय ओढत, काठी टेकत, आमच्या कोंबडीनेही तिला सहज गाठलं असतं. रात्रीच्या गारठ्याने वाट टणक झालेली, स्वच्छ, कोरडी. अर्ध्या वाटेवर पोचल्यावर तिने काठी बाजूला ठेवली, कंबर धरली, आणि बेताबेताने खाली बसली.

मी गेले आणि तिची कॉलर धरली. दोघींनाही धाप लागली होती.

"घसरले गं," ती म्हणाली.

मी तिला उठवलं, कोठारात नेलं आणि भट्टीतली काजळी तिच्या गालाला लावली. रेघ वाकडी आली. तिने बाहुल्याची टोपी काढून खुंटीला लावली आणि मोडणीपाशी जाऊन उभी राहिली. एवढ्यात दारात सावली पडली. तिची युले होती, आता स्वतः चार लेकरांची आई. तिच्यामागे, कुंपणाजवळ, आणखी माणसं दिसत होती.

"आईला सोडवायला आले," युले म्हणाली, आणि गाल पुढे केला.