मुक्ताईचा कागद

द्वारकाबाई कॉलेजची पायरी पहिल्यांदा चढल्या त्या अडुसष्टाव्या वर्षी, गुडघ्याला पट्टा बांधून.

कर्वेनगरच्या त्या कॉलेजात मुलांना सुट्टी लागली की साठीपुढच्यांसाठी उन्हाळी वर्ग भरायचे. सकाळी आठ ते दहा, सहा आठवडे. इतिहास, तत्त्वज्ञान, संतसाहित्य, मोडी लिपी, ज्याला जे हवं ते. सोसायटीतल्या बाकीच्या बायकांनी संतसाहित्य घेतलं. द्वारकाबाईंनी मोडीवर खूण केली, तेव्हा त्यांचे यजमान रावसाहेब पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "मोडी शिकून आता कोणाला चिठ्ठ्या पाठवणार?"

"पाठवायच्या नाहीत, वाचायच्यात."

"वाच. आमची कुठे हरकत आहे?"

वाचायचं काय, ते त्यांनी सांगितलं नाही. त्यांच्या देवघरात चांदीचा एक टाक होता, रावसाहेबांच्या आत्याचा, मुक्ताईचा. बेचाळीस साली वैशाखात, अठरा वर्षांची असताना, माहेरी धायरीला आलेली ही मुलगी पहाटे पाण्याला म्हणून गेली आणि विहिरीत पडली. काठावर तिची जोडवी सापडली. पाणी फार खोल, देह काही हाती लागला नाही. सवाष्ण गेली, म्हणून तिचा टाक करून देवात बसवला. तेव्हापासून दर वैशाख वद्य षष्ठीला घरात पुरण शिजायचं, सवाष्ण जेवायची, मुक्ताईला साडी दाखवायची. द्वारकाबाई लग्न होऊन आल्यापासून पंचेचाळीस वर्षं हे सगळं न चुकता करत होत्या, तेही निर्जळी उपास धरून. मुलगा विश्वजीत चार वर्षांचा असताना विषमज्वराने हातचा जायची वेळ आली होती. तेव्हा त्यांनी याच टाकापुढे पदर पसरला होता. मुलगा उठून बसला, आणि मुक्ताई त्यांची झाली ती कायमची.

टाकाखाली तांबड्या खणात गुंडाळलेला एक घडीचा कागद असे. मोडीत लिहिलेला. मुक्ताईच्या नावाचा मंत्र आहे, असं सासूबाई सांगायच्या. सासरे, म्हणजे आबा, जुनी चौथी शिकलेले, मोडी त्यांना येई. पण तो उघडायचा नाही, नुसतं हळदकुंकू वाहायचं, असा त्यांचा दंडक होता. आबांचा शब्द द्वारकाबाईंना देवासारखा. सासर म्हणजे काय याची धास्ती घेऊन आलेल्या पोरीला त्या माणसाने कधी एकेरी हाकसुद्धा मारली नव्हती. आबा जाऊन आता एकोणतीस वर्षं झाली होती. जन्मभर हळदकुंकू वाहिलं तो मंत्र एकदा आपल्या तोंडाने म्हणावा, एवढीच द्वारकाबाईंची इच्छा होती.

वर्ग छान चालला होता. शिकवणाऱ्या श्रद्धा मॅडम जेमतेम तिशीच्या. सगळ्यांना काका-काकू म्हणायच्या आणि गृहपाठ मात्र सोडायच्या नाहीत. आधी आडवी रेघ ओढायची, मग तिच्याखाली अक्षरं लोंबकळवत जायची, हात उचलायचा नाही, शब्द तोडायचा नाही. द्वारकाबाईंच्या शेजारी टपाल खात्यातून निवृत्त झालेले सुखदेवराव बसत. ते वारज्याहून बसने येत आणि रोज सांगत, "मी जन्मभर लोकांचे पत्ते वाचले. पण असं अक्षर असतं ना, तर राजीनामाच दिला असता."

पाचव्या आठवड्यात मॅडम म्हणाल्या, घरात कोणाकडे जुना कागद असेल तर फोटो काढून आणा. द्वारकाबाईंनी आंघोळ करून, टाकाला नमस्कार करून, खणाची गाठ पहिल्यांदा सोडली. फोटो घेतला आणि गाठ पुन्हा होती तशी बांधली.

दुसऱ्या दिवशी तो फोटो वर्गातल्या पडद्यावर लागला. हळदीचे पिवळे डाग आणि मधून अकरा ओळी. "आमच्या घरातला मंत्र आहे," द्वारकाबाईंनी अभिमानाने सांगितलं. एकदोघांनी बसल्या जागी हातही जोडले. मॅडमनी पट्टी त्यांच्या हातात दिली. "तुम्हीच वाचा, काकू."

"श्री," त्या म्हणाल्या. मग पट्टी सरकली. "ती... तीर्थ... तीर्थरूप आईस..."

त्या थांबल्या. मंत्रात आई कुठून आली?

"पुढे वाचा की, छान जमतंय."

"मु-क्ता-चा. मुक्ताचा शिरसाष्टांग नमस्कार."

वर्गात कौतुकाची कुजबुज झाली. म्हणजे हे मुक्ताईचं पत्र! सासरहून आईला धाडलेलं असणार, द्वारकाबाईंच्या मनात आलं, आणि त्यांचे डोळे भरून आले. मॅडम म्हणाल्या, "वर उजव्या कोपऱ्यात तारीख असते, ती बघू. चैत्र वद्य पंचमी, शके अठराशे अडुसष्ट."

"अठ्ठ्याहत्तर मिळवायचे," सुखदेवराव उत्साहाने म्हणाले. "एकोणीसशे सेहेचाळीस."

"बेचाळीस," द्वारकाबाईंनी दुरुस्ती केली. "चौसष्ट असेल ते. बेचाळीसच्या वैशाखात ती गेली."

मॅडमनी फोटो मोठा केला, आणखी मोठा केला. आकडा पडद्यावर हातभर झाला. तो आठच होता. द्वारकाबाईंनी पट्टी खालच्या ओळीवर नेली. आता त्यांना कोणी थांबवलं असतं तरी त्या थांबल्या नसत्या. अडखळत, एकेक अक्षर सोडवत त्यांनी वाचलं, आणि अडलं तिथे मॅडमनी हळू आवाजात जोडून दिलं.

"मी खुशाल आहे. पुण्यास लष्कर भागात इस्पितळात बाळंतिणींच्या कामास आहे. दोन वेळा पोटास मिळते, अंगावर कोणी हात टाकीत नाही. तुम्ही माझे दिवस घातले असे इकडे आलेल्या गावच्या बाईने सांगितले. आई, मी विहिरीकडे गेलेच नाही. सासरी परत जात नाही म्हणून दादा रागे भरला, तेव्हा जोडवी काढून त्याच्याच हाती दिली व निघाले. ती काठावर कोणी ठेविली हे त्यास विचार. मला घरात घेऊ नका, पण मेली म्हणू नका. एकदा येऊन भेट. हे पत्र दादाकडून वाचवू नये, शाळेच्या मास्तरांकडून वाचून घ्यावे."

पट्टी हातातून खाली पडली, त्या आवाजाने सगळेच दचकले.

"दादा म्हणजे कोण, काकू?" मॅडमनी विचारलं.

"आमचे मामंजी," द्वारकाबाई म्हणाल्या आणि मटकन बाकावर बसल्या. सुखदेवरावांनी पाण्याची बाटली उघडून दिली, ती त्यांनी तशीच बाकावर ठेवली. आबा. शेवटचे सात महिने अंथरुणाला खिळले होते, तेव्हा त्यांना भात कालवून द्वारकाबाईंनीच भरवला होता. त्याच आबांनी आपल्या हातांनी बहिणीची जोडवी नेऊन काठावर मांडली होती? तिचं पत्र आईपासून दडवलं, आणि फाडून टाकायचं धाडस झालं नाही म्हणून देवाखाली ठेवलं, वरून सुनेकडून हळदकुंकू वाहवून घेतलं?

घरी कशा पोचल्या ते त्यांना सांगता आलं नसतं. रिक्षावाल्याने दोनदा पत्ता विचारला. दारातच, चप्पल पायात असताना, त्या रावसाहेबांना म्हणाल्या, "अहो, मुक्ताई बेचाळीस साली गेलीच नव्हती."

रावसाहेब शेंगा सोलत बसले होते. हातातली शेंग त्यांनी सोलून पुरी केली. मग म्हणाले, "माहीत आहे."

वर्गात पडद्यावर आठाचा आकडा बघताना बसला नव्हता असा धक्का द्वारकाबाईंना आता बसला. त्यांना वाटलं होतं, नवरा उठेल, काहीतरीच काय म्हणून अंगावर येईल.

"कधीपासून?"

"आपल्या लग्नापासून."

"म्हणजे?"

"म्हणजे ती लग्नाला आली होती." रावसाहेब खाली बघत बोलत होते. "धायरीला, मांडवात. नर्सबाई नेसतात तशी पांढरी साडी, हातात पिशवी. तुझी ओटी भरायला बायका रांगेने येत होत्या, त्यांत आली. तुझी ओटी भरली, माझ्या गालावरून हात फिरवला. तेवढ्यात आबा आले आणि दंडाला धरून तिला बाहेर घेऊन गेले. जेवलीसुद्धा नाही. मी मागाहून विचारलं, तेव्हा म्हणाले, तुझी आत्या आहे. जयाचं लग्न व्हायचंय अजून, तोंड उघडलंस तर पोरगी घरात राहील."

"जयाताईंचं लग्न होऊन चाळीस वर्षं झाली!"

"झाली. मग सांगून काय उपयोग होता?"

"उपयोग?" द्वारकाबाईंचा आवाज चिरकला. "अहो, मी पाण्याचा थेंब न घेता तिला नैवेद्य दाखवत होते. ती तिकडे लष्करात जिवंत होती! विश्वजीत तापात पडला तेव्हा मी त्या टाकापुढे डोकं आपटलं, तुम्ही शेजारी उभे होतात. तेव्हा जिवंत होती का ती?"

"असेल."

"कधी गेली मग?"

"ते नाही मला माहीत. मी कधी चौकशी केली नाही."

द्वारकाबाई डोळे मिटून त्या मांडवातला चेहरा शोधत राहिल्या. कोपरभर बांगड्या, तांदूळ, नारळ, खणांचे रंग, घामेजलेले हात. शंभर बायकांनी ओटी भरली होती आणि त्यांनी लाजून मान वर केली नव्हती. कोणाचाच चेहरा त्यांना आठवेना.

मग त्यांनी पिशवीतून वही काढली आणि मॅडमनी त्यात उतरवून दिलेलं पत्र वाचून दाखवलं. जोडव्यांची ओळ आली तसा रावसाहेबांचा हात सुपात तसाच राहिला.

"आबांच्या हातात?" ते म्हणाले. "नाही. मला त्यांनी सांगितलं होतं की, आम्हाला खरंच वाटलं बुडाली म्हणून. मागाहून कळलं, पण तोवर दिवस घालून झाले होते."

"मागाहून नाही. पहिल्या दिवसापासून."

"तुझ्या वाचण्यात चूक असेल."

"चौदा माणसांनी वाचलं."

रावसाहेब उठले, आतल्या खोलीत गेले आणि जेवायच्या वेळेपर्यंत बाहेर आले नाहीत. सुपातल्या शेंगा तशाच पडून होत्या.

दोन दिवसांनी द्वारकाबाई सुखदेवरावांना बरोबर घेऊन लष्करात गेल्या. टपालातल्या माणसाला जुने पत्ते ठाऊक असतात, हा त्यांचा भरवसा खरा ठरला. जागा सापडली, इस्पितळ सापडलं नाही. तिथे आता तीन मजली वाहनतळ होता. पहारेकऱ्याला एवढंच माहीत होतं की पूर्वी इथे दवाखाना की काय होता. सुखदेवराव उन्हात टोपी हातात धरून उभे राहिले आणि म्हणाले, "पत्ता बरोबर असूनही पत्र परत येतं ना बाई, त्याचं फार वाईट वाटायचं मला."

षष्ठीच्या दिवशी रावसाहेबांची धाकटी बहीण जयाताई नेहमीप्रमाणे साडी घेऊन आली. गॅसवर पुरण नव्हतं, पाट मांडले नव्हते. तिने द्वारकाबाईंकडे बघितलं. "वहिनी, अंगात बरं नाही का?"

द्वारकाबाईंनी तोंड उघडलं, पण त्यांच्याआधी रावसाहेबच बोलले. उभ्या उभ्या, भिंतीकडे तोंड करून, एखादा अर्ज वाचावा तसं त्यांनी सगळं सांगून टाकलं. मांडव, दंड, पिशवी, जोडवी. "तुझ्या लग्नासाठी मी गप्प बसलो, आणि मग सवय झाली," असंही म्हणाले.

जयाताईचा चेहरा पांढराफटक पडला. मग एकदम लाल झाला. "आबा असं करणं शक्य नाही. दादा, तू म्हातारा झालास, तुला भास होतात. आणि तू गं वहिनी, या वयात कॉलेजात जाऊन हेच शिकलीस? मेलेल्या माणसावर आळ घ्यायला?"

"आळ तर जिवंत माणसावर घेतला होता, जयाताई," द्वारकाबाई म्हणाल्या. "मेल्याचा."

जयाताईने साडीची पिशवी उचलली आणि पाणीही न पिता ती निघून गेली. लिफ्टचं दार लागल्याचा आवाज आला. रावसाहेब बराच वेळ दारापाशीच उभे होते.

द्वारकाबाईंनी वरणभाताचा कुकर लावला. पंचेचाळीस वर्षांत पहिल्यांदाच त्या या दिवशी दुपारी नवऱ्याबरोबर जेवायला बसल्या. मग त्यांनी विचारलं, "कशी होती हो दिसायला?"

रावसाहेबांनी घास खाली ठेवला. आठवण्यासाठी त्यांना मुळीच वेळ लागला नाही.

"आबांसारखी," ते म्हणाले. "थेट आबा. तेच कपाळ, तेच नाक. बोलताना मान जराशी कलती करायची, तीसुद्धा तशीच."

द्वारकाबाईंना तो चेहरा पाठ होता. रोज पुसलेला, दाढी करून दिलेला, घास घ्यायला तोंड उघडणारा. त्यांनी ताट बाजूला सारलं आणि तोंडावर पदर धरून त्या तशाच बसून राहिल्या.