स्पाउसचा रकाना

प्रूफरीडरने बाइंडरबाईला मंगळवारी छापखान्याच्या जिन्यात लग्नाचं विचारलं आणि ती चक्क "हो" म्हणाली. फक्त रविवारी तिच्या ताईला सांगेपर्यंत दोघांनी अवाक्षर काढायचं नाही, असं ठरलं. ताई त्याच छापखान्यात छापील कागदांना घड्या घालायची आणि तिच्यापुढे मॅनेजरसुद्धा जपून बोलायचे.

बुधवारी विम्याचे फॉर्म आले. तिसरा रकाना स्पाउसच्या, म्हणजे नवऱ्याच्या किंवा बायकोच्या, नावाचा.

प्रूफरीडरचे पाय कालपासून जमिनीवर नव्हते. तरी रकाना कोरा सोडणं त्याला जमेना, आणि खोटं लिहिणं तर त्याहून जमेना. त्याने जाडजूड इंग्रजी कोश उघडला. 'स्पाउस' शब्द फ्रेंचमधून आलेला, पण मूळ लॅटिन. आणि त्या मूळ क्रियापदाचा अर्थ गंभीरपणे वचन देणं! म्हणजे ज्याला वचन दिलं, ते माणूस! त्याने टपोऱ्या अक्षरांत बाईचं नाव लिहिलं आणि शीळ घालत फॉर्म देऊन आला.

दहा मिनिटांत मॅनेजर फॉर्म फडकवत बाहेर आले. "अहो बाई, अभिनंदन! लग्न कधी उरकलंत?"

मशीन थांबलं. बाइंडरबाईच्या हातातला खळीचा ब्रश गळून पडला. ताई उठली.

"लग्न झालं? आणि मला पत्ता नाही?"

"नाही हो ताई, झालं नाही," प्रूफरीडर घाईघाईने म्हणाला. "म्हणजे लॅटिनमध्ये..."

"लॅटिनमध्ये केलंत?"

बाइंडरबाईला हसू आवरेना. ती पुस्तकांच्या चळतीला धरून वाकली, डोळ्यांतून पाणी आलं. प्रूफरीडर बिचारा कोश उघडून मूळ क्रियापद समजावत राहिला.

"ते मिटा आधी," ताई म्हणाली आणि बहिणीकडे वळली. "काय गं, यांना शब्द दिलायस?"

"दिलाय. काल, जिन्यात."

"आणि मला कधी सांगणार होतीस?"

"रविवारी. तुझी भीती वाटते गं!"

ताईने डोळे वटारले, पण हसू फुटलंच. "वेडे आहात दोघं!" म्हणत तिने दोघांना एकदम कवेत घेतलं. प्रूफरीडरच्या बाहीला खळ माखली, त्याचं त्याला भान नव्हतं.

मॅनेजर खाकरले. "सगळं ठीक, पण विम्याला तारीख लागते."

ताईने भिंतीवरचं कॅलेंडर उतरवून टेबलावर आपटलं. "पुढचा गुरुवार. हरकत आहे कुणाची?"

कुणाची हिंमत होती! प्रूफरीडरने लाल पेन्सिल उचलली. पण वर्तुळ असं काही ऐसपैस काढलं, की त्यात शुक्रवारही आला.