दहा फुटांवरचं ताट

माझी सवत मेली की पळून गेली, हे मला आठ वर्षं कुणी धड सांगितलं नाही. लग्न होऊन कुंभकोणम्‌ला आले तेव्हा एवढंच कळलं, की कामाक्षी एका सकाळी घागर घेऊन कावेरीवर गेली आणि परत आली नाही. घागर सापडली नाही, बाईही नाही. घाटावरच्या बायका पदराआडून म्हणायच्या, "पळाली असेल गं कुणाचा तरी हात धरून."

मेली असती तर गोष्ट सरळ होती. आमच्या तंजावरकडच्या मराठी घरांत दुसरेपणावर दिलेल्या बाईच्या गळ्यात सवतीचा टाक असतो, सोन्याच्या चिमुकल्या पत्र्यावर उठवलेली तिची मूर्ती. सणावारी पहिलं पान तिचं, पहिली साडी तिची, म्हणजे ती आपलं वाईट करत नाही. माझी दोन मुलं पोटातच गेली. मी सासूबाईंचे, अंबुजाबाईंचे, पाय धरले की टाक करा. त्या ढिम्म. "जाऊन बारा वर्षं भरली नाहीत अजून. जिवंत बाईचा टाक करतात होय?" आणि आता मला पुन्हा तिसरा महिना होता. अजून कुणाला सांगितलं नव्हतं. भीती वाटत होती, दुसरं काय!

आमच्या ह्यांचं, नाव घ्यायचंच तर कल्याणरामांचं, रेडिओ दुरुस्तीचं दुकान. पंचावन्न साली ज्येष्ठ महिन्यात नागपट्टणचे होडीमालक गुरुमूर्ती एक लोखंडी पेटी घेऊन आले. लढाईनंतरच्या लिलावात घेतलेलं, पाण्याखालचे मासे दाखवणारं यंत्र, बंद पडलेलं. ह्यांनी महिनाभर त्यात डोकं खुपसलं. जेवायला हाक मारली तर नुसतं हूं.

मला ते समजलं ते असं. होडीच्या अंगाला फळीवर बांधलेली एक डबी पाण्यात टक् टक् आवाज सोडते. आवाज तळाला आपटून परत येतो, आणि पेटीतल्या ओल्या कागदावर काटा काळी रेघ जाळतो. तळाची रेघ जाड, मधे मासा आला तर बारीक. पण यंत्र खरं बोलतंय की थापा मारतंय हे कळायला धातूचं काहीतरी मोजून दहा फूट खाली सोडायचं, आणि कागदावर ते दहावरच दिसतं का पाहायचं.

"एखादं थोरलं ताट दे," हे म्हणाले.

माळ्यावर कामाक्षीचं पितळी ताट होतं, काठावर तिचं नाव ठोकलेलं. त्यात कुणी जेवायचं नाही असा सासूबाईंचा हुकूम. त्याच सकाळी टाकावरून माझं नि त्यांचं वाजलं होतं. मी रागाने तेच काढलं. म्हटलं, येऊ दे एकदाचं उपयोगाला. नाव पाहून ह्यांचा चेहरा उतरला, पण ताट घेतलं. तिच्याबद्दल बोलायचेच नाहीत कधी.

दोरी धरायला माणूस हवं होतं, मीच बसले होडीत. आडी अमावास्या होती, म्हणजे आषाढातली, पितरांना पाणी द्यायची. तर्पणाची गर्दी ओसरली होती, ऊन टळटळीत. नावाड्याने होडी कावेरीच्या घाटासमोरच्या डोहात नेऊन नांगरली. हे बटण पिळत बसले. फार पिळलं की कागदभर तीळ सांडल्यासारखे ठिपके, कमी केलं की तळसुद्धा दिसेना. अखेर तीस फुटांवर तळाची स्वच्छ रेघ उमटली. मी ताट तागडीच्या पारड्यासारखं दोऱ्यांनी बांधलं होतं, ते गाठी मोजत सोडलं. बरोबर दहावर रेघ आली. हे हसले. किती दिवसांनी!

मग तळापासून आणखी एक रेघ निघाली.

"मासा," नावाडी म्हणाला. मासा कसला! सरळ, काही घाई नसल्यासारखी ती वर चढत होती. तिच्या मागोमाग एक बारीक रेघ. मोठी थांबली की बारीकही थांबायची. ह्यांनी बटण कमी केलं, ठिपके सगळे गेले, त्या दोघी गेल्या नाहीत. मोठी रेघ ताटाच्या रेघेला येऊन लागली, आणि माझ्या हातातली दोरी हलली. ओढ नव्हती. डोळे अधू झालेलं माणूस पानावर काय वाढलंय ते चाचपतं, तशी हलली.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. अमावास्येच्या दिवशी मी तिच्या नावाचं ताट तिच्यापुढे मांडलं होतं, आणि तेही रिकामं! अय्यो, वैऱ्यालाही कुणी असं जेवायला बोलवत नाही.

"अक्का, चुकले गं मी," मी मोठ्याने म्हणाले.

दोरी सैल पडली. वर ओढली तर टोकाला काही नाही. गाठी तुटल्या नव्हत्या, सोडवलेल्या होत्या. कागदावर दोन्ही रेघा खाली चालल्या होत्या, मोठी पुढे, बारीक मागे, आणि दोन्ही तळात मिळून गेल्या. नावाडी देवाचं नाव घेत नांगर उचलायला लागला. हे कागद छातीशी धरून रडत होते. "इथेच होती. आणि मी अकरा वर्षं तिला मनात शिव्या देत होतो."

घरी आल्याबरोबर मी तो कागद सासूबाईंपुढे टाकला. काय झालं ते सगळं सांगितलं. "ही बघा तुमची कामाक्षी. आता तरी करा टाक."

त्यांनी मोठ्या रेघेवरून बोट फिरवलं. मग बोट बारीक रेघेवर आलं आणि तिथेच राहिलं.

"तिसरा महिना होता तिला," त्या म्हणाल्या. "फक्त मला सांगितलं होतं. पाणी चढलंय, आज नको म्हणत होती. मीच म्हटलं, नखरे पुरे, ऊठ."

"आणि लोक तिला पळाली म्हणत होते, ते ऐकत बसलात?" मी ओरडले. सासूवर आवाज चढवायची माझी ती पहिली वेळ, आणि मला त्याचं काही वाटलं नाही. त्यांनी दागिन्यांच्या पेटीतून आपली जुनी सोन्याची पाटली काढून माझ्यापुढे ठेवली.

"दोघांचा कर टाक," एवढंच म्हणाल्या.

मी केळीची दोन पानं मांडली. मोठ्यावर सगळा स्वयंपाक वाढला, लहानावर दूधभात. दिवा लावला. मग तिथेच बसून सासूबाईंना म्हटलं, "मलाही तिसरा आहे."

त्या उठल्या. सत्तरीची बाई, कोपऱ्यातली घागर कमरेवर घेतली.

"आजपासून पाण्याला मी जायची," म्हणाल्या, आणि कावेरीच्या वाटेला लागल्या.