बेचाळीस हजारांचा पाईप

सुलक्षणाचा साखरपुडा जामनेरच्या स्थळाशी झाला, ते दोन हजार तेवीस साल. रुपचंद आबाच्या घरातलं ते शेवटचं कार्य. पोरगी धाकटी, लाडाची, स्थळही चांगलं. पण साखरपुड्याचा पेढा आबानं तसाच ताटात ठेवून दिला. उठता उठता जामनेरच्या व्याह्यानं सहज विचारलं होतं, "तुमचे चुलतभाऊ कुठं दिसले नाहीत?"

चुलतभाऊ म्हणजे प्रेमराज. शिंदखेड्याकडच्या त्या गावात दोघांची घरं पाठीला पाठ लावून उभी, शेतं बांधाला बांध लावून. आठ वर्षांमागं नांगराचं एक तास इकडचं तिकडं झालं, तेवढ्यावरून दोघं त्या बांधावर एकमेकांवर तुटून पडले. प्रेमराजनं आधी दगड घातला. तो आबाच्या डाव्या कानावर बसला, तेव्हापासून तो कान गेला. रक्त डोळ्यांत उतरलं आणि आबाच्या हातातला विळा फिरला. प्रेमराजनं उजवा हात आडवा धरला होता. त्याची तीन बोटं ढेकळांत पडली. एक कुत्रं ती हुंगायला आलं, तेव्हा आबाच पहिल्यांदा ओरडला.

पोलीस आले. दवाखान्यात पडल्या पडल्या प्रेमराजनं जबाब दिला, "कडबाकुट्टीत हात गेला." एवढंच. पुन्हा पुन्हा विचारलं तरी तेच.

गावानं त्याला मोठ्या मनाचा म्हटलं. आबाला तसं वाटलं नाही. तो बायकोला, भिकुबाईला, म्हणायचा, "पोलिसमा दिधं असतं ते सजा भोगीसन मोकळा व्हई जातू. त्यानी दिधं नही. म्हणजे ठेयेल शे."

असा तो राखून ठेवलेला घाव पाठीवर घेऊन आबा जगला. शेतात वाकायचं तर आधी मागं वळून बघायचा. प्रेमराजचा पोरगा पुना परसात कुऱ्हाडीला धार लावायला बसला की भिंतीपलीकडून तो कर्र कर्र आवाज यायचा आणि आबाचा घास हातातच राहायचा. पुना तसा मारकाच होता. बैल अडला तर त्याच्या शेपटीला दातांनी चावायचा. आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, पत्त्यांत एकदा त्यानं एकाचे पुढचे दोन दात पाडले होते आणि ते त्यालाच उचलायला लावले होते.

पण पोरीच्या मांडवात भाऊबंद नसले तर सोयरे दहा तोंडांनी बोलतात. म्हणून आबा झिपरू नानाकडं गेला. भाऊबंदांतला सगळ्यात म्हातारा माणूस तो. गावात कुठलंही लग्न असो, आहेर पुकारायचं काम त्याचं.

नाना म्हणाला, "आखाजीले पितरंसनी घागर भरतस. तुमना दोन्हीसना आजा एकच. एक घागर भरा, एक चिलीम वढा. मिटनं."

भाऊबंदांत भांडण मिटायची रीत हीच. थोरल्यानं चिलीम ओढून धाकट्याच्या हातात द्यायची. एका विस्तवाचा धूर दोघांच्या पोटात गेला की मागचं पुन्हा कुणी काढायचं नाही. काढेल त्याला पंगतीतून उठवतात.

"नाना," आबा खाली मान घालून म्हणाला, "त्यानाकडथाईन चिलीम धराई का?"

नानानं आपल्या मुठीकडं पाहिलं. चिलमीला दोन्ही हातांची मूठ लागते, बोटांत बोटं गुंतवून. प्रेमराजच्या उजव्या हाताला अंगठा आणि करंगळी तेवढी उरली होती. भरल्या पंचांत त्याच्या हातात चिलीम देणं म्हणजे तोच घाव पुन्हा घालणं.

तोड काढली ललितनं. ललित आबाचा मोठा मुलगा. जळगावला मेहरूणमध्ये राहायचा, केळीच्या गाड्या लावायचा, चार पैसे राखून होता. तो म्हणाला, "आबा, चिलमीऐवजी पाईप घेऊ. काकाला एका हातानं ओढता येईल."

"पाईप?" भिकुबाई भाकरी थापता थापता थांबली. "केळीले पाणी पाजनं शे का तुना काकाले?"

"अगं माय, तंबाखूचा. लाकडाचा असतो, दातात धरतात."

"दात शेतस का त्याना?"

खूप दिवसांनी त्या घरात कुणी हसलं.

जळगावात रतिलाल नावाच्या दुकानदाराकडं असला माल मिळायचा. आबा आणि ललित गेले तेव्हा दुकानासमोर दोन रिक्षावाल्यांची जुंपली होती. एकानं दुसऱ्याचं डोकं रिक्षाच्या दांडीवर आपटलं, चूळ टाकल्यासारखं रक्त रस्त्यावर पडलं. रतिलालनं तिकडं नुसतं पाहिलं आणि काचेच्या कपाटाला किल्ली लावली.

"हा अडीच हजारांचा, काका. नव्या पोरांच्या शौकाला ठीक. हा अकरा हजारांचा, देणाऱ्याची लाज राखतो. आणि हा..." त्यानं मऊ फडक्यातून तिसरा बाहेर काढला. "बेचाळीस हजार. परदेशी झाडाच्या मुळीचा, हातानं घडवलेला. ज्याला द्याल तो जन्मभर तुमचं नाव काढील."

"धूर गोड लागतो का याचा?" ललितनं विचारलं.

"धूर काय शेठ, तंबाखू तसा धूर. पैसा लाकडाचा आणि हाताचा."

"मग अकरावाला द्या. काका बिडी ओढणारा माणूस. त्याला अकरावालाही भारी."

आबानं बेचाळीसचा पाईप हातात घेतला. गुळगुळीत, गरम वाटणारा, तळव्यात बरोबर बसणारा. त्याच्या डोक्यात मात्र दुसराच हिशेब चालला होता. अकरा हजार, तीन बोटं. एका बोटाला चार हजारही पडत नव्हते. बाजारात शेळी त्याहून महाग मिळते. माणसाच्या बोटाला शेळीपेक्षा कमी?

"हाऊ," आबा म्हणाला. पाईप त्यानं खाली ठेवलाच नाही.

"आबा, बेचाळीस हजार आहेत."

"माले आयकू येस. एक कान शे अजून."

परतीच्या वाटेवर धुळे मागं पडेपर्यंत ललित बिलाच्या कागदाची घडी घालत, उलगडत राहिला. मग म्हणाला, "घेतला ते घेतला. पण किंमत कुणाला सांगू नका. अशी वस्तू दिली की किंमत सांगत नसतात."

"तुमना शहरमा नसतीन सांगत. गावमा आहेर पुकारा नही ते दिधाच नही म्हणतस."

"हा काय आहेर आहे का, आबा? आपण माफी मागायला चाललोय."

"म्हणीसनच पुकारनं पडी," आबा म्हणाला. "गावले कळू दे, रुपचंदनी हात आखडा नही." आणि त्याच संध्याकाळी त्यानं झिपरू नानाला किंमत सांगून ठेवली.

आखाजीचा दिवस उजाडला. ऊन असं की दगडाला हात लावला तर कातडी चिकटावी. आबाच्या अंगणात मांडव घातला होता. एका बाजूला मातीची घागर पाण्यानं भरून, तिच्यावर खरबूज ठेवून पूजा मांडली होती. दुसऱ्या बाजूला चुलीवर खापर तापलं होतं, बाया मांडे करत होत्या, आणि चुलीशेजारी फोडलेल्या लाकडांच्या ढिगात कुऱ्हाड तशीच रुतून उभी होती. समोर निंबाखाली सकाळपासून पत्ते चालले होते. पुना हरत होता. त्यानं जिंकणाऱ्या एका पोराला गचांडी धरून आपटलं होतं, आणि तो पोरगा नाकाला गमछा लावून हसतच पुढचा डाव खेळत होता. आखाजीला एवढं चालतंच.

नानाच्या निरोपावरून प्रेमराज आला. धुतलेला पांढरा सदरा, टोपी. आठ वर्षं तो उजवा हात खिशात घालून किंवा उपरण्याखाली झाकून फिरायचा. त्या दिवशी हात उघडा होता. तो थेट घागरीपाशी गेला, वाकून नमस्कार केला आणि आबाकडं वळून म्हणाला,

"घागर भरी का, भाऊ?"

भाऊ. आबानं नुसती मान हलवली. भिकुबाईनं पदर डोळ्याला लावला. ललितनं काकाच्या पायाला हात लावला, तेव्हा प्रेमराजनं त्या दोन बोटांनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. "जळगावनं पानी मानवनं तुले," म्हणाला. "पोट वाढनं."

दोघं सतरंजीवर बसले. आबानं पाईपात तंबाखू भरला, विस्तव लावला, पहिला झुरका घेतला. ठसका लागला, लोक हसले. त्यानं पाईप पुसला आणि प्रेमराजपुढं धरला. प्रेमराजनं तो अंगठा आणि करंगळीत पकडला. बरोबर बसला. त्यानं हात जरा वर करून त्याच्याकडं पाहिलं, लहान पोरानं खेळणं पाहावं तसं. मग दातांत धरून सावकाश धूर ओढला. आबाला वाटलं, पाठीवरचं ओझं उतरलं. तिथंच थांबलं असतं तर.

झिपरू नाना उठून उभा राहिला. मांडव, माणसं आणि वस्तू दिसली की त्याचा गळा आपोआप मोकळा व्हायचा.

"आयका हो! रुपचंदकडथाईन प्रेमराजले, मानना पाईप! किंमत बेचाळीस हज्जार!"

खापरावर मांड्याचा चर्र आवाज तेवढा आला. मग निंबाखालून पत्ते पिसता पिसता कुणीतरी ओरडलं, "तीन बोटंसना बेचाळीस? अरे, मना पुरा हात तोडा रे कोनी! मी टॅक्टर लेस!"

हशा फुटला. सगळं निंब हसलं. झिपरू नानासुद्धा हसला.

प्रेमराजनं पाईप तोंडातून काढला.

"चौदा हजारले एक," तो म्हणाला. आवाज चढला नव्हता. "तू हिसाब करी उना, भाऊ."

"तसं नही, प्रेमराज..."

"मी पोलिसले कडबाकुट्टी सांगं. कसाले सांगं? तुना डाव्या कानमाथाईन रगत वाहे, ते माले दिसे. पहिला दगड मना व्हता. तू मना भाऊ. तिन्ही बोटं मी तुले फुकट दिधात." त्यानं उजवा हात लोकांपुढं उघडा केला. "आज तू त्यासना बाजार मांडा. मनाकडे अजून सात शेतस. त्यासना काय भाव, सांग!"

आणि त्यानं पाईप भिरकावला. तो घागरीवर बसला. घागर फुटली, पितरांचं पाणी अंगणभर पसरलं, खरबूज गडगडत पत्त्यांपर्यंत गेलं. बाया किंचाळल्या.

पुना उठला तो थेट चुलीकडं. लाकडातली कुऱ्हाड त्यानं एका हिसक्यात उपसली. "मना बापनी थट्टा!" एवढंच ओरडला आणि आबाकडं धावला.

"पुना! नही!" प्रेमराज ओरडला.

आबाच्या चांगल्या कानावर ते पडलं. पण त्याच वेळी त्याचे डोळे चिखलात पडलेल्या पाईपावर होते. बेचाळीस हजार. आठ वर्षं मागं बघून वाकणारा माणूस त्या एका वेळी मागं न बघता वाकला.

ललित मध्ये आला. त्यानं बापाला ढकललं आणि घाव त्याच्या मानेवर, खांद्याच्या वर बसला. ओल्या लाकडात कुऱ्हाड रुतते तसा आवाज झाला. ललित गुडघ्यावर बसला, मग तोंडावर पडला. घागरीच्या पाण्यात रक्त पसरलं आणि मांडवातल्या माणसांच्या पायांनी ते अंगणभर झालं.

मग काही कुणाच्या हातात राहिलं नाही. निंबाखालची पोरं पुनावर पडली. दगड, लाकडं, खापराखालची जळती ढलपी, हाताला येईल ते. त्याचा हात मोडला, खालचा ओठ फाटला, तरी तो लाथा झाडत होता. प्रेमराज पोराकडं जायला निघाला आणि आबा त्याच्यावर गेला. हातात तोच पाईप होता. आबानं त्याचा जाड बुंधा मुठीत धरला आणि प्रेमराजच्या तोंडावर, कानशिलावर, डोळ्यावर घालत सुटला. दांडी मोडली, तिचं टोक गालात घुसलं, तरी थांबला नाही. प्रेमराजनं हात वर केला नाही. तो फक्त म्हणत होता, "पोऱ्याकडे देख, भाऊ. पोऱ्याकडे देख."

शेवटी भिकुबाईनं नवऱ्याचे केस धरून त्याला मागं ओढलं आणि त्याच्या थोबाडीत मारली. जन्मात पहिल्यांदा. "पोऱ्या मराले उना आठे!" ती ओरडली. तेव्हा कुठं आबानं मुठीतलं लाकूड सोडलं.

ललितच्याच केळीच्या गाडीत त्याला घातलं. मागच्या हौद्यात केळीच्या वाळलेल्या पानांवर, बापाच्या मांडीवर डोकं. धुळ्यापर्यंत आबा दोन्ही तळवे त्याच्या मानेवर दाबून बसला होता. बोटांमधून रक्त येतच राहिलं. ललित एकदा शुद्धीवर आला. "काकाला लागलं का?" त्यानं विचारलं. आबानं नाही म्हणून सांगितलं.

पोलिसांनी पुनाला त्याच दिवशी नेलं. दवाखान्यातल्या खाटेवर प्रेमराजनं या वेळी जबाब खरा दिला. मुलानं कुऱ्हाड घातली, मी पाहिली, असं त्यानं सुजलेल्या तोंडानं सांगितलं आणि खाली डाव्या हाताचा अंगठा दिला. स्वतःच्या डोळ्याचं विचारलं तेव्हा तो भिंतीकडं तोंड करून झोपला. आबानं आपला गुन्हा आपणच जाऊन सांगितला. त्याला धरलं, पुढं जामिनावर सोडलं. जामनेरकर भले निघाले. त्यांनी स्थळ मोडलं नाही. सुलक्षणाचं लग्न पुढल्या माघात दहा माणसांत, वाजंत्रीवाचून लागलं. आहेर कुणी आणला नाही, कुणी पुकारला नाही.

ललित सोमवारी, चोवीस एप्रिल दोन हजार तेवीसला, आखाजीच्या तिसऱ्या दिवशी धुळ्याच्या दवाखान्यात वारला. त्याचं वय चौतीस होतं. प्रेमराज डोक्याच्या मारातून उठला नाही. तो त्याच साली तेरा सप्टेंबरला, पोळ्याच्या आदल्या दिवशी, आपल्या घरी वारला.