देवापुढे 'होय' म्हटलेलं घर

मित्रांनो, तंजावूरच्या राजवाड्यामागच्या एका गल्लीत, वेंकटरावांच्या मांडीवर मी पडून आहे. मी जुना वाटाड्या, तुमच्या भाषेत जीपीएस. तळहाताएवढा, एका कोपऱ्यात काच तडकलेली. मोटारीच्या काचेला चिकटून वाट सांगायची, हे माझं काम. आता मोटार विकली, माझं चिकटायचं रबर वाळून गेलं आणि वाट विचारणारा एकच माणूस उरला. तो रोज विचारतो. मला मात्र उत्तर देता येत नाही. ते का, तेच सांगायला बसलो आहे.

माझा जन्म कुठल्याशा परदेशी कारखान्यात झाला म्हणे. त्यातलं काही आठवत नाही. आठवतं ते गांधीजी रस्त्यावरचं दुकान. काचेच्या कपाटात आम्ही तिघं शेजारी होतो. पहिल्याचा पडदा ऐसपैस मोठा. दुसऱ्याला दरवर्षी नवा नकाशा फुकट मिळायचा. माझं काय? घेतला तेव्हाचा नकाशा शेवटपर्यंत, आणि किंमत सगळ्यांत कमी. वेंकटराव तेव्हा जमीनमोजणीच्या कचेरीतून नुकतेच निवृत्त झाले होते आणि त्यांनी आयुष्यातली पहिली मोटार घेतली होती, तीही कुणाची वापरलेली. बरोबर मुलगी होती, साईप्रिया, कॉलेजात शिकवणारी. ती म्हणाली, "बाबा, मधला घ्या. रस्ते बदलतात. नकाशाही बदलायला नको का?"

वेंकटरावांनी मला उचलून उलटंपालटं पाहिलं. "या जिल्ह्याचे रस्ते मी पायांनी मोजलेत गे. हा चुकला तर मी सांगेन की याला. स्वस्त तोच पुरे."

स्वस्त म्हणून का होईना, माझी निवड झाली. मला फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

वाटलं, आता डबीतून सुटका. कसलं काय! या घरची एक रीत आहे. यांचे पूर्वज ओरत्तनाडूच्या छत्रात, म्हणजे राजांच्या धर्मशाळेत, कामाला होते, तेव्हापासून तिथला शेताच्या कडेचा ग्रामदेव अय्यनार यांनी आपला मानला. घरात नवी वस्तू आली की तिची डबी त्याच्यापुढेच उघडायची. मिक्सर असो की मोटार. त्यामुळे मी चोवीस किलोमीटर डबीत बसूनच गेलो, वाटाड्या असून.

देवळापुढे मातीचे मोठाले घोडे ओळीनं उभे होते. मोटारीच्या चाकांखाली लिंबं ठेवली, माझ्या कपाळाला चंदन आणि कुंकू लागलं, कापूर फिरला आणि वेंकटरावांनी मला पहिल्यांदा चालू केलं. मी डोळे उघडले आणि कारखान्यात शिकवलेला पहिला प्रश्न विचारला: हीच जागा तुमचं घर आहे का? खाली दोन चौकोन, होय आणि नाही.

वेंकटरावांचं बोट 'नाही'कडे गेलं. तेवढ्यात त्यांच्या बायकोनं, गंगाबाईंनी, मनगट धरलं. "अहो, देवापुढे पहिलाच शब्द नाही म्हणून म्हणता?"

"अगे, हे देऊळ. घर कसं होईल?"

"यंत्राला काय कळतं? देवाला कळतं की. होय म्हणा."

त्यांनी 'होय' दाबलं. झालं. माझ्या पोटात घराचं एक छोटंसं चित्र आहे. ते दाबलं की मी माणसाला घरी नेतो. त्या दिवसापासून माझ्यासाठी घर म्हणजे अय्यनारचं देऊळ.

परतीच्या वाटेवर साईप्रिया म्हणाली, "घरी गेल्यावर बदलून टाकते." गंगाबाई म्हणाल्या, "देवासमोर होय म्हटलेलं कोणी पुसतं का?" मग वेंकटरावांनीच तोड काढली. खरं घर त्यांनी यादीत वेगळं लिहिलं. नाव काय द्यायचं यावर थोडा विचार केला आणि बायकोकडे न बघता चार-पाच इंग्रजी अक्षरं दाबली: गंगा. गंगाबाईंना इंग्रजी अक्षरं कळत नाहीत. त्यांना ते कोणी सांगितलंही नाही.

पुढची वर्षं माझ्या भाग्याची. कुंभकोणमची लग्नं, तिरुच्चीची बारशी, सगळीकडे मीच पुढे. मी इंग्रजीत बोलायचो, तेही बाईच्या आवाजात. गंगाबाई म्हणायच्या, "आमच्या बोलण्यात ही बया कशाला तोंड घालते?" वेंकटराव माझ्याशी भांडायचे. मी उजवीकडे म्हटलं की ते मुद्दाम डावीकडे वळायचे, आणि बहुतेक वेळा त्यांचंच बरोबर निघायचं. पुढे नवे रस्ते झाले. माझ्या नकाशात तिथे नुसती शेतं. गुळगुळीत हमरस्त्यावरून गाडी धावत असताना मी ओरडत असायचो की मागे फिरा, इथे रस्ता नाही. सगळे पोट धरून हसायचे. मलाही त्याचं वाईट वाटत नसे. परत येताना वेंकटराव 'गंगा' दाबायचे, मी गल्लीच्या तोंडाशी "पोहोचलात" म्हणायचो, आणि ते इंजिन बंद करून मला म्हणायचे, "शहाणा आहेस."

मग त्यांनी माझ्याशी भांडणं सोडलं. मी सांगेन तिकडे वळू लागले, ओळखीच्या रस्त्यावरही. कॉफीत दोनदा साखर पडायची. कुलूप लावून आले की पुन्हा बघायला जायचे. घरात सगळ्यांना दिसत होतं आणि कोणी बोलत नव्हतं. साईप्रिया एकदा म्हणाली, "गाडीची किल्ली आता मी ठेवू का, आई?" गंगाबाई म्हणाल्या, "त्यांना काय वाटेल? पुढच्या महिन्यात बघू."

तो पुढचा महिना यायच्या आधीच्या एका सकाळी वेंकटराव केळीची पानं आणायला एकटे बाजारात गेले. फोन घरीच राहिला. पानं घेतली, गाडीत बसले आणि बसूनच राहिले. मागून हॉर्न वाजायला लागले. त्यांनी समोरचा रस्ता पाहिला, मग मागचा पाहिला. ज्या माणसानं हा जिल्हा पायांनी मोजला, त्याला कुठे वळायचं ते आठवेना.

मित्रांनो, घर तिथून सातशे मीटरवर होतं. मला एकेक वळण पाठ होतं. त्यांनी यादी उघडली. बोट 'गंगा'वर येऊन थांबलं. मी म्हणत होतो, दाबा, हेच ते, दाबा. पण विचारल्याशिवाय बोलायची मला सोयच नाही. त्यांनी ते नाव मोठ्यानं वाचलं. "गंगा. कोण ही?" आणि बोट पुढे सरकलं. त्यांना घर हवं होतं. त्यांना घराचं चित्र सापडलं. त्यांनी ते दाबलं.

काय करणार मी? वाट दाखवली. माझ्याच तोंडानं त्यांना सातशे मीटरवरच्या घरापासून चोवीस किलोमीटर दूर नेलं. प्रत्येक वळणावर वाटायचं, आता ते माझ्याशी भांडतील, मुद्दाम उलटे वळतील. एकदाही वळले नाहीत. भर दुपारी देवळाच्या कुलपापाशी मी म्हणालो, "घरी पोहोचलात."

ते उतरले. कुलूप हलवलं. "दार उघड गे," असं दोन-तीनदा म्हणाले. मग मातीच्या घोड्याच्या सावलीत मांडी घालून बसले. सावली सरकली, तसे ते उन्हात आले, पण उठले नाहीत. पाण्याची बाटली गाडीत माझ्या शेजारीच होती.

तीन वाजता रिक्षा आली. बाजार, दवाखाना, नातेवाईक, सगळं धुंडाळून झाल्यावर गंगाबाईच म्हणाल्या होत्या, "त्या यंत्रावर घर दाबलं असेल त्यांनी." साईप्रियानं वेंकटरावांना पाणी पाजलं. त्यांचे ओठ फुटले होते. गंगाबाई म्हणाल्या, "अहो, चला घरी."

वेंकटराव त्यांच्याकडे सभ्यपणे बघत म्हणाले, "घरीच आलोय की. यानं सांगितलं." आणि बोट माझ्याकडे केलं.

त्या दिवसानंतर गाडी गेली. गंगाबाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात, तेव्हा देवापुढे होय म्हटलं म्हणून माणूस सापडला. मला वाटतं, तेव्हा नाही म्हटलं असतं तर ते हरवलेच नसते. पण माझं कोण ऐकतं.

आता दुपार झाली की ते मला खणातून काढतात. साईप्रिया वायर जोडून देते, त्यानं ते शांत बसतात म्हणून. ते घराचं चित्र दाबतात. छताखाली मला आभाळ दिसत नाही, आणि आभाळ दिसल्याशिवाय मी कुठे आहे तेच मला कळत नाही. मी नुसता शोधतो आहे, शोधतो आहे, असं दाखवत राहतो. गंगाबाई जवळ येऊन सांगतात, "अहो, हेच आपलं घर." ते नमस्कार करून म्हणतात, "असेल बाई. हा बोलला की मी निघतो. घरी वाट बघत असतील." गंगाबाई पदर तोंडाला लावून आत जातात.

मित्रांनो, तुमच्या घरी एखादी चूक पुढच्या महिन्यावर टाकलेली असेल तर ती आज दुरुस्त करा. माझ्यासाठी एवढंच करा, कोणीतरी त्या साईप्रियाला सांगा. उंबरठ्याबाहेर कोलम, म्हणजे इथली रांगोळी, काढलेलं आहे, तिथवर बारा पावलं होतात. वर मोकळं आभाळ आहे. मला आणि त्यांना एकदा तिथे न्या आणि यादीतलं 'गंगा' दाबा. ते बायकोचं ऐकत नाहीत, माझं ऐकतात. मी "पोहोचलात" म्हणेन.